एका नावाचे दोन पेपर

गेल्या ६ जानेवारीला, पत्रकार दिनाच्या संध्याकाळी, नागपूरच्या धरमपेठेतल्या एका छोट्या सभागृहात परिसंवाद होता. विषय शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून ऐकत आलेला: वृत्तपत्रे लोकमत घडवतात की बिघडवतात? (इथे लोकमत म्हणजे जनमत. नागपुरात हा खुलासा करावाच लागतो.) एक वक्ते म्हणाले, सगळे पेपर विकले गेलेत, मालकांचे दहा धंदे आहेत, नेत्यांशी सोयरिकी आहेत, आणि भाबडा वाचक रोज सकाळी चहाबरोबर हे सगळं पोटात घेतो. त्यांना उत्तर द्यायला उठलेले निवृत्त संपादक म्हणाले, वाचक राजा आहे. त्याला हवं ते आम्ही देतो, नको असेल त्यानं पेपर बंद करावा. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या, चहा-बिस्किटं झाली आणि मंडळी आपापल्या गाड्या काढून घरी गेली. मला मात्र चुटपुट लागून राहिली, कारण एकमेकांवर तुटून पडलेले हे दोघे मुळात एकाच पायरीवर उभे होते. वाचक आधीपासून तिथे बसलेलाच आहे आणि पेपर त्याच्यावर काहीतरी प्रयोग करतो, हे दोघांनीही धरून चाललं होतं. भांडण एवढंच, की प्रयोग औषधाचा की विषाचा.

मला वाटतं, पेपरचा मोठा परिणाम याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. वाचक म्हणून कोणाला मोजायचं आणि कोणाची बातमी कोणाला दाखवायची, हे ठरतं तेव्हाच तो होतो. अग्रलेख वाचून पक्ष बदलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण दीडशे किलोमीटरवर माणसं मरताहेत हे ज्याच्यापर्यंत पोचलंच नाही, त्याचं त्याबद्दल मत घडणार कसं आणि बिघडणार तरी कसं?

मी सहा वर्षं इथल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. नावात अर्थ नाही, कुठल्याही डेस्कवर हेच घडतं. आमच्याकडे खोली एकच होती, पण जगं दोन होती: सिटी आणि डाक. डाक म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या आवृत्त्या. लांबच्या गाड्या आधी सुटतात म्हणून डाकची पानं छपाईला आधी सोडायची, शहराची शेवटी. एका रात्री यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीच्या तालुका प्रतिनिधीची बातमी आली. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, एका कोलाम बाईला बाळंतपणासाठी बैलगाडीतून दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टर नव्हता, पुढे न्यायला गाडी मिळेपर्यंत मूल गेलं. मी ती शहराच्या पहिल्या पानासाठी लावली. डेस्कच्या प्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "बाबू, नागपूरच्या मानसाले झरी-जामनीशी काय करायचं हाय? डाकले टाक ना." डाकला ती दोन कॉलम लागली. साडेदहाला एका ट्रॅक्टरवाल्याची पाव पान जाहिरात आली तेव्हा तिथूनही उतरली आणि सिंगल कॉलम होऊन पान सातच्या तळाशी गेली. प्रमुख वाईट माणूस नव्हता. त्या रात्री कोणा मंत्र्याचा फोन आला नव्हता, मालकाची चिठ्ठी नव्हती, पाकीट तर नव्हतंच. कोणीही विकलं गेलं नव्हतं. "सगळे पेपर विकले गेलेत" या चार शब्दांत ती रात्र बसत नाही, आणि म्हणूनच मला ते चार शब्द फार आळशी वाटतात.

आता कोणी म्हणेल, वाचक निवडणं हा पेपरचा धर्मच आहे. त्यात नवीन काय? हे म्हणणं खरं आहे आणि ते नीट मान्य केलं पाहिजे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढला तोच दोन स्तंभांचा: एक मराठी, एक इंग्रजी. एक आपल्या लोकांसाठी, दुसरा राज्यकर्त्यांना आपल्या लोकांचं म्हणणं कळावं म्हणून. १८८१ साली पुण्यात टिळक-आगरकर मंडळींनी, एकाच छापखान्यातून, 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत सुरू केला. एकच गोष्ट दोन वाचकांना दोन आवाजांत सांगायची असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि सरकारला ते त्याहून पक्कं ठाऊक होतं. लॉर्ड लिटननं १८७८ साली देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा केला तेव्हा इंग्रजी पत्रांना त्यातून मोकळं सोडलं. टीका दोन्हीकडे होत होती. भीती होती ती बंगाली किंवा मराठी वाचणाऱ्या माणसाची. 'अमृत बझार पत्रिके'नं या कायद्याच्या तावडीतून सुटण्यासाठी रातोरात इंग्रजीचं सोंग घेतलं, तो किस्सा प्रसिद्धच आहे. मजकूर धोकादायक ठरतो तो वाचकामुळे, हे कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला कळत होतं आणि धरमपेठेतल्या परिसंवादाला कळत नव्हतं.

आमच्याकडचं उदाहरण त्याहून बोचरं आहे. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. पहिल्याच अंकात त्यांनी मुद्दा मांडला की मुंबई इलाख्यात निघणारी बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहणारी आहेत आणि बहिष्कृतांचं दुःख मांडायला त्यांत जागा नाही. या पाक्षिकाची साधी पोच देणं सोडाच, पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. विचार करा: जाहिरातीचे पैसे समोर ठेवलेत, मजकूर वादग्रस्त नाही, तरी नकार. कारण ते छापलं असतं तर आपला वाचक कोण, या प्रश्नाचं उत्तर बदललं असतं. नागपूरच्या किसन फागुजी बनसोडेंनी 'मजूर पत्रिका' आणि 'चोखामेळा' चालवले ते याच पोकळीतून. त्याच्या आधी 'दीनबंधू' निघाला होता, तोही यातूनच. म्हणजे वाचक निवडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यातली उत्तम माणसं मुद्दाम वाचक निवडून लिहीत होती.

मग फरक कुठे पडला? बनसोडेंनी निवडलेल्या वाचकाकडे पैसे नव्हते, पुष्कळांना वाचताही येत नव्हतं. एक जण वाचायचा आणि चाळभर लोक ऐकायचे. त्याला निवडलं कारण त्याला काहीतरी सांगायचं होतं. आज ज्याला निवडलं जातं त्याला काही विकायचं असतं, आणि बरेचदा विकणारा पेपर नसून तिसराच कोणी असतो. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मालकांपैकी विनीत जैन यांनी २०१२ साली एका अमेरिकी साप्ताहिकाला सरळच सांगितलं होतं की आम्ही वृत्तपत्राच्या नाही, जाहिरातीच्या धंद्यात आहोत. लोकांनी त्यांना तेव्हा फार नावं ठेवली. मला तर ते त्या वर्षातलं सगळ्यात प्रामाणिक विधान वाटलं.

हा धंदा आमच्या घरात कसा शिरला ते सांगतो. माझ्या आईला कूपनांचं वेड होतं. साठ दिवस रोज पहिल्या पानाच्या कोपऱ्यातलं कूपन कापायचं, पेपरबरोबर आलेल्या तक्त्यावर भाताच्या शिताने चिकटवायचं, एखादं चुकलं तर शेजारच्या काकूंकडून उसनं आणायचं. काकूंचं आणि तिचं सदतीस नंबरच्या कूपनावरून एकदा चांगलंच वाजलं होतं. पहिलं बक्षीस कार, शेवटचं हमखास बक्षीस प्लास्टिकचा डबा. आम्हाला नेहमी डबाच लागला. तक्ता जमा करताना मागच्या बाजूला एक फॉर्म भरावा लागे: कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, व्यवसाय, घर स्वतःचं की भाड्याचं, दुचाकी आहे का, फ्रिज आहे का, पुढच्या वर्षभरात काय घेण्याचा विचार आहे. आई ठसठशीत अक्षरात सगळं भरायची. फ्रिजपुढे "आहे (१६५ लि.)" असं तिनं लिहिलेलं मला अजून आठवतं. डबा फुकट मिळाला असं तिला वाटायचं. मी डेस्कवर जाऊन जाहिरात विभागाच्या लोकांबरोबर चहा प्यायला लागलो तेव्हा कळलं की त्या फॉर्मपुढे डब्याची किंमत काहीच नव्हती.

ही मोजणी आता घरोघरच्या कूपनांवर अवलंबून नाही, ती शास्त्रशुद्ध झाली आहे. भारतीय वाचक सर्वेक्षणात घरांची वर्गवारी होत आली ती दोन गोष्टींवर: घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण, आणि अकरा वस्तूंच्या यादीतल्या किती त्या घरात आहेत. वीजजोडणी, पंखा, गॅस, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, दुचाकी, कॉम्प्युटर, कार, एसी. अकरावी गोष्ट शेतजमीन. बापजाद्यांची काळी जमीन आणि कपडे धुवायचं यंत्र एकाच यादीत शेजारी शेजारी! त्यावरून ए १ ते ई ३ असे बारा कप्पे पडत आले आणि जाहिरातदार विचारतो, तुमच्याकडे वरच्या कप्प्यांतले किती? दर चौरस सेंटिमीटरला जो भाव मिळतो तो या उत्तरावर. ई ३ मधला माणूस पेपर अथपासून इतिपर्यंत वाचत असेल, जपून ठेवत असेल, चार जणांना वाचून दाखवत असेल; त्याच्या वाचण्याला भाव नाही.

या मोजणीनं नागपूरची केलेली थट्टा इथल्या वाचकांना आठवत असेल. २०१३ च्या सर्वेक्षणाचे आकडे जानेवारी २०१४ मध्ये आले आणि देशातले मोठमोठे वृत्तपत्र समूह एकत्र येऊन त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांनी जी ढळढळीत उदाहरणं दिली त्यात एक आपलं होतं. 'हितवाद', गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रेरणेनं १९११ साली निघालेला, शंभरी ओलांडलेला, साठ हजारांवर प्रमाणित खप असलेला नागपूरचा इंग्रजी पेपर. सर्वेक्षणानुसार नागपुरात त्याला एकही वाचक नव्हता. सिव्हिल लाइन्सपासून अजनीच्या रेल्वे क्वार्टरपर्यंत ज्यांच्या दारात तो रोज पडत होता ती सगळी माणसं कागदावर अदृश्य झाली. मालकांनी आकाशपाताळ एक केलं, ते रास्तच होतं. पण मला तेव्हा एक दुष्ट समाधान वाटलं होतं. आपल्याला मोजलंच जात नाही म्हणजे काय, याचा अनुभव झरी-जामणीला रोज येतो. वृत्तपत्रांना तो एकदाच आला, आणि केवढा संताप झाला!

आता मूळ मुद्द्यावर येतो. एकाच नावाचा, एकाच तारखेचा पेपर नागपुरात आणि यवतमाळ जिल्ह्यात घ्या आणि पलंगावर शेजारी शेजारी पसरा. मी हे अनेकदा केलं आहे. वरचं नाव सारखं, अग्रलेख सारखा, क्रिकेट सारखं, राशिभविष्य तर शब्दशः सारखं. मधली पानं मात्र दोन वेगळ्या देशांची. इकडे मेट्रो, उड्डाणपूल, शाळांची स्नेहसंमेलनं, फुटाळा तलावावरची गर्दी, कुठल्याशा सिग्नलवर हेल्मेटची कारवाई. तिकडे कापसाचा भाव, रोहित्र जळालं, वाघानं गुराख्याला मारलं, जिल्हा बँकेची रांग. इकडच्याला तिकडचं दिसत नाही, आणि गंमत म्हणजे दोघांनाही आपण "तोच पेपर" वाचतो असं वाटतं. जिल्हा आवृत्त्या निघाल्या तेव्हा त्यामागे चांगला हेतूही होता हे मी नाकारत नाही. त्याआधी घाटंजीच्या माणसाला पेपरात आपलं गाव कधी दिसायचंच नाही. त्याला त्याचं पान मिळालं, तालुक्याला वार्ताहर मिळाला, ग्रामपंचायतीच्या भानगडी छापून यायला लागल्या. हा लाभ खरा आहे. पण त्याची किंमत अशी पडली की गावाला पान मिळालं आणि उपराजधानीच्या पानावरून गाव गेलं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. माझे मेहुणे आर्णीकडचे. ते ऑगस्टपासून फोनवर सांगत होते, "दाजी, आज पुन्हा एक गेला." मी नागपुरात बसून ती गोष्ट "मोठी बातमी" म्हणून वाचली तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. तोवर ती सुटी सुटी होती: एका गावात एक, दुसऱ्या गावात दुसरा. सुट्या बातमीला कोणी साथ म्हणत नाही. सगळ्या एकत्र ठेवून पाहायला ज्या टेबलावर जागा होती, त्या टेबलावर त्या येतच नव्हत्या. यात कोणी दाबादाबी केली असं मला म्हणायचं नाही. दाबायची गरजच नव्हती. आवृत्त्यांच्या वाटणीनं ते काम आपोआप होत होतं.

आणि तालुक्याच्या ठिकाणी काय असतं तेही पाहा. तिथला वार्ताहर पगारी क्वचितच असतो. त्याचं मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी आणि नेत्यांचे वाढदिवस हे त्याचे सुगीचे दिवस. जाहिरात देणार कोण? सरपंच, बाजार समितीचा सभापती, कंत्राटदार, आणि हो, कृषी केंद्रवाला. "शुभेच्छुक" म्हणून फोटोसकट जो तुमच्या पुरवणीत बसलाय, त्याच्या दुकानातून कोणतं औषध कोणाला कसं विकलं गेलं, याची बातमी त्याच वार्ताहरानं करायची, ही अपेक्षा त्या बिचाऱ्याकडून करायची कोणी? तरी अनेकांनी केली, आणि २०१७ चं जे काही आपल्याला कळलं ते अशाच माणसांमुळे. शहरातल्या संपादकांच्या निर्भीडपणाचे पोवाडे गाताना मला ही माणसं आठवतात.

खैरलांजीचं याहून अवघड आहे. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला दसरा होता, आणि तो साधा दसरा नव्हता. धम्मचक्र प्रवर्तनाला पन्नास वर्षं होत होती. दीक्षाभूमीवर लाखो लोक आले होते, आणि तिथून दोन-तीन तासांच्या अंतरावर काय घडलंय हे त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत होतं. ही घटना राज्यभर पेटायला नोव्हेंबर लागला. ती वर आली ती कार्यकर्त्यांच्या सत्यशोधनातून, पत्रकांतून, वस्तीवस्तीत झालेल्या बैठकांतून. म्हणजे १९२० साली ज्या वाटेनं यावी लागली असती जवळपास त्याच वाटेनं. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या पेपरांत रंगीत पुरवण्या निघतात, शुभेच्छांच्या जाहिराती ओसंडून वाहतात. म्हणजे हा वाचक पेपरला माहीत नव्हता असं नाही. पुरवणीसाठी तो वाचक होता. बातमीसाठी नव्हता.

यावर सगळ्यात सणसणीत आक्षेप माझ्या एका मित्राचा आहे. तो म्हणतो, तू वाचकाला फार लेचापेचा समजतोस. आणीबाणीत पेपरांना सेन्सॉरची कात्री लागली होती, तरी १९७७ साली लोकांनी इंदिरा गांधींना घरी बसवलं. पेपर नसतानाही माणसाला कळायचं ते कळतं. शिवाय वेगळ्या विदर्भाचं घे: दर हिवाळी अधिवेशनात विकासाच्या अनुशेषावर पानंच्या पानं छापून येतात, मतपेटीतून त्याचं काय निघतं? हा आक्षेप मी बरीच वर्षं डोक्यात घोळवला आहे. १९७७ बद्दल तो अर्धं सांगतो. त्या निवडणुकीत उत्तरेत काँग्रेस भुईसपाट झाली, पण नागपुरातून काँग्रेसचेच गेव्ह आवारी निवडून गेले. कात्री दोन्हीकडे सारखीच चालली होती. मला याचा अर्थ असा लागतो की उत्तरेत सक्तीची नसबंदी आणि पाडापाडी लोकांच्या स्वतःच्या मोहल्ल्यात झाली, त्यांना ती कोणी छापून सांगायची गरज नव्हती. जिथे त्याची झळ तितकी पोचली नाही तिथे ती बातमी म्हणून यायला हवी होती, आणि ती आली नाही. इतर कारणंही होती, मी ती झाकत नाही. पण मित्राचं उदाहरण माझ्याच बाजूनं साक्ष देतं. आपल्या गल्लीत घडलेलं कोणताही पेपर लपवू शकत नाही. दुसऱ्याच्या गल्लीतलं लपवायला त्याला काही करावंच लागत नाही.

दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे, आणि तो परिसंवादातल्या संपादकांनी चांगला मांडला. पाच रुपयांत येणाऱ्या पेपरचा कागद आणि छपाईच पाच रुपयांहून महाग पडते. जाहिरातदार नसता तर पेपर फक्त श्रीमंतांनाच परवडला असता. कबूल. माझ्या आईला पेपर मिळाला तो त्या ट्रॅक्टरवाल्याच्या कृपेनं. पण मग "वाचक राजा" हे म्हणणं तरी सोडा. एप्रिल २०२० आठवा. राज्य सरकारनं घरोघरी पेपर टाकायला बंदी केली, पत्रकार संघटनांनी उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठात दाद मागितली, काही दिवसांत बंदी सैल झाली आणि पेपर पुन्हा दारात आला. तो उचलल्यावर हाताला आधी जाणवलं ते वजन. चोवीस पानांचा पेपर बारा-चौदावर आला होता. आयुष्यात कधी नव्हे इतकी बातमीची भूक लागलेली, कुठल्या इस्पितळात खाट आहे, कुठला रस्ता बंद आहे, मजूर कुठून चालत निघालेत, हे सगळं हवं होतं. आणि पानं अर्धी. कारण दुकानं बंद होती. बातमी दुप्पट, पेपर निम्मा! पानांची संख्या बातमीवर ठरते की शोरूमवर, याचा याहून स्वच्छ प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत झाला नसता.

पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण इथे आणायला हवं, कारण "विकले गेले" म्हणणाऱ्यांचा तो हुकमी एक्का. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची आरती ओवाळणारे, शब्दाला शब्द जुळणारे लेख वेगवेगळ्या मराठी दैनिकांत आले होते, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं, प्रेस कौन्सिलची उपसमिती बसली, अहवाल झाला. लाजिरवाणंच होतं ते. पण ती चोरी होती आणि चोरी पकडता येते. मी ज्याबद्दल बोलतोय ते रीतसर आहे, त्याची पावती फाटते, त्याला सर्वेक्षणाचे तक्ते आहेत. त्याविरुद्ध कुठे तक्रार करणार?

राहिला मोबाइल. तरुण पोरं म्हणतात, काका, पेपर वाचतो कोण आता? फोन माणसागणिक वेगळी बातमी दाखवतो, तुमचं सिटी आणि डाक त्यापुढे बैलगाडी. खरंय. पण फोनवरच्या भांडणात शेवटी पुरावा म्हणून काय फिरतं? पेपरच्या कात्रणाचा फोटो. "पेपरात आलंय" या दोन शब्दांना अजून वजन आहे. आणि फोन जे करू शकत नाही ते पेपरला एकेकाळी सहज जमायचं: न मागितलेली बातमी समोर ठेवणं. सोन्याचा भाव बघायला पान उलटणाऱ्या इतवारीच्या सराफाच्या नजरेला वाटेत गडचिरोलीची शाळा पडायची. तो ती वाचेलच असं नाही, पण ती तिथे आहे एवढं तरी त्याला कळायचं. पेपरनं स्वतःहून ही एक गोष्ट टाकून दिली आणि आता तो फोनशी फोनच्याच खेळात हरतोय. शहर आवृत्तीत रोज फक्त अर्धं पान डाकचं छापलं, निवडून नव्हे तर जसंच्या तसं उचलून, तर खर्च किती वाढेल? मी हे आमच्या प्रमुखांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "आयडिया भारी हाय. त्या पानाले जाहिरात कोन देईन?"

हल्ली मी दर रविवारी सकाळी गणेशपेठच्या एसटी स्टँडवर जातो. तिथल्या पेपरच्या स्टॉलवर यवतमाळची आवृत्ती मागितली तर स्टॉलवाला म्हणतो, तो पेपर इकडे येत नाही, तिकडचा तिकडेच. म्हणून मी वणीहून येणाऱ्या गाडीची वाट पाहतो. एका कंडक्टरशी ओळख काढली आहे, तो निघताना तिथून घेतलेला पेपर सीटच्या फटीत खोचून आणतो. पहिल्यांदा दिला तेव्हा घडी नीट करत त्यानं विचारलं, "गाव वणी काय जी तुमचं?"

"नाही."

"सासुरवाडी?"

"नाही, ती आर्णीकडे. वणीत कोणीच नाही माझं."

त्यानं पेपर हातात दिला, पैसे घेतले, आणि गाडीत चढता चढता मागे वळून पाहिलं. "मग काहून पायजे तुमाले?"